देवळातली शाळा आणि डावा कौल

माझी नात कुडाळला कॉलेजात शिकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या शाळेबद्दल विचारून या, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. तिच्या हाताशी म्हातारी मीच. जुलैत एका दुपारी तिने मला पडवीत बसवलं, मध्ये पाट उपडा घालून त्यावर फोन ठेवला आणि विचारायला लागली. मी बोलले. चहा होईपर्यंत बोलले, चहानंतरही बोलले. मग तिने फोन कानाला लावून पाहिलं तर त्यात पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा होता.

"आजी, तू बोलतेयस हे कळतं. काय बोलतेयस ते कळत नाही."

"माझ्या शाळेत माका असांच ऐकाक येय," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी थट्टा करते. पुन्हा सांग म्हणाली. एकदा सांगितलेलं मी परत सांगत नाही. कागद आणून दे म्हटलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चुकलं असेल तिथं नात दुरुस्त करील. जे झालं ते मात्र असंच झालं, त्यात दुरुस्ती नको.

आमचा गाव आचऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताचे मळे. आम्ही महार. आमची वाडी गावाच्या सीमेला, समुद्राकडून येणारा वारा आधी आमच्या घरांवरून जायचा. बापूस मुंबईला गिरणीत होता. घरात आई, मी आणि आजा. आजाचा शब्द शेवटचा. देवाची पालखी निघाली की पुढे ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा होता, आणि त्या वेळी तो मान आजाकडे होता. पालखी उचलायची तर आधी त्याची टिपरी ढोलावर पडली पाहिजे. त्याच्याशिवाय देव जागचा हलत नसे, असं तो सांगायचा. गावही तसंच सांगायचं.

शाळेला तेव्हा इमारत नव्हती. शाळा देवळात भरायची, सभामंडपात. एकच मास्तर, चारही इयत्ता. देवळात आम्हाला मज्जाव होता, म्हणून शाळेतही होता. पण सरकारने सगळ्यांना शिकवा म्हणून सांगितलेलं, म्हणून आमचं नाव पटावर होतं. त्यावर काढलेली तोड अशी की आमच्या वाडीतल्या पोरांनी अंगणापलीकडे सुरंगीच्या झाडाखाली बसायचं. तिथून मंडपाचे खांब दिसायचे आणि दोन खांबांमधून फळा दिसायचा, पण अर्धाच. मास्तर डावीकडून लिहायला सुरुवात करत. ते काय लिहितात ते मला दिसायचं. पुढे काय झालं ते मी ऐकून घ्यायची.

आधी आम्ही तिघं होतो. दोघं चुलत भाऊ हाताशी आले तसे मुंबईला गेले. मग मी एकटी.

आता पावसाचं. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही जूनमध्येच. सुरंगी हे काही छप्पर नव्हे. देवळाच्या वळचणीला उभं राहावं म्हटलं तर वळचणीखाली देवळाचं जोतं, आणि जोतं देवळाचंच. पहिल्या वर्षी आईने मला इरलं दिलं. बांबूच्या काटक्यांत पानं विणून केलेलं, लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात ते. ते घेऊन मी झाडाखाली बसले. पाटीवरची अक्षरं पुसून जायची. पानांवर पाऊस असा वाजायचा की मास्तरांचं तोंड हलताना दिसे, आवाज नाही. एका बाजूने आतली पोरं एका सुरात पाढे म्हणत, तेवढे ऐकू येत. मी त्यांच्याबरोबर म्हणायची, पण कितीचा पाढा चाललाय ते मध्येच कळायचं. चार दिवसांनी मला ताप आला. आईने इरलं काढून घेतलं.

तेव्हापासून दरवर्षी तसंच. पाऊस लागला की माझी शाळा बंद, गैरहजेरीमुळे पटावरून नाव कमी. दिवाळी झाली की आजा मास्तरांकडे जाऊन, अंगणात उभा राहून, परत नाव घालून यायचा. पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग पावसाळ्यात व्हायचा. मागचा अर्धा मला येतो. अजून येतो. कविता म्हणायला लावा, मागच्या अर्ध्यातल्या सगळ्या म्हणून दाखवीन. पुढच्या अर्ध्यातली एकही नाही. हातच्याची वजाबाकी श्रावणात शिकवत. ती मला आज या वयातही येत नाही.

नातीने विचारलं, "मग तू पास कशी व्हायचीस?"

"एका वर्सात होय नाय," मी म्हटलं. "एकेका इयत्तेत बसान बसान जागा गुळगुळीत केलंय."

मी तिसरीत असताना नवे मास्तर आले. घाटावरचे होते. तरुण, अंगाने काटक, बोलणं पुस्तकासारखं. आधीचे मास्तर माझी पाटी हातात घेत नसत. मी ती जमिनीवर ठेवून मागे सरायची, ते वाकून बघायचे. नव्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी पाटी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. मग वजाबाकी का येत नाही?" मी आभाळाकडे बोट दाखवलं. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या संध्याकाळी ते आमच्या वाडीत आले.

आजा गडबडला. मास्तरांना बसायला काय द्यायचं, ते घेतील की नाही, पाणी विचारायचं की नाही. मास्तर सरळ ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. आई आतच राहिली. पाणी मी नेऊन दिलं, ते प्याले.

"या मे महिन्यानंतर मुलगी आत बसली पाहिजे," मास्तर म्हणाले. "मंडपाच्या दाराशी खांब आहे, त्या कोपऱ्यात. एवढा एक पावसाळा आत बसली तर चौथीत जाईल. चौथी झाली तर मी तिला मालवणला पाठवायचं बघतो. तिथं मुलींना मास्तरीण होता येतं. कायदा आपल्या बाजूने आहे. मी वर लिहितो."

मास्तरीण हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या बाबतीत ऐकला. मला तो फार मोठा वाटला असं काही नाही. मला तो कोपरा हवा होता. तिथं छप्पर होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर गावच्या मानकऱ्याशी बोलले. देवळाचं सगळं त्याच्या हातात. तो वाईट माणूस नव्हता. आमच्या घरी कोण आजारी पडलं तर तांदूळ पाठवायचा, दुरून ठेवून जायला सांगायचा, पण पाठवायचा. मास्तरांचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "माझो काय इरोध नाय, मास्तरानू. पण कायदो मुंबयत झालो. देऊळ हंय आसा. मालक मी न्हय, मालक थंय भुतूर बसलोसा."

आम्ही अंगणाच्या कडेला उभे होतो, मी आणि आजा. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. मग मी वरिष्ठांना लिहितो."

तेव्हा आजा बोलला. कोणी त्याला विचारलं नव्हतं.

"लिवू नकात, मास्तरानू. मालकाकच विचारूया. कौल लावया."

मानकऱ्याने त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यालाही हे अपेक्षित नव्हतं. मग मान हलवून म्हणाला, "ह्या बराबर बोललंस."

मास्तर आमच्याबरोबर वाडीच्या वाटेपर्यंत आले. आजाला म्हणाले, "तुम्ही हे काय केलंत? आणि कौल उलटा पडला तर?"

आजा हसला. "उलटो कसो पडतलो? चाळीस वर्सां तेच्यासमोर ढोल बडवतंय. बहिरो थोडोच आसा तो."

कौल म्हणजे देवाला विचारणं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडे लग्न, शेतीची सुरुवात, भांडणाचा निवाडा, सगळं असंच विचारत. विचारल्यावर जे येईल ते पाळायचं. न पाळणारा माणूस मी त्या काळी पाहिला नाही.

सोमवारी सकाळी कौल लावायचं ठरलं. आजाने आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं. परसातल्या माडाचा सगळ्यात मोठा नारळ सोलून घेतला. देवळाच्या पायरीवर त्याने तो ठेवला आणि मागे दीपमाळेपाशी येऊन उभा राहिला. गुरवाने नारळावर पाणी शिंपडून तो आत नेला. मास्तर मंडपात उभे होते. मी आजाच्या बाजूला. तिथून गाभारा दिसत नाही. माणसांच्या पाठी दिसतात.

मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज तुझ्या लेकरांनी एकत्र येवन तुका हाक मारलेली आसा..."

"होय म्हाराजा."

"तुझ्या मंडपात शाळेची पोरां बसतत. सीमेवरल्या वाडयेतलां एक चेडू भायर बसता. तां भुतूर बसाचां अशी तुझी मर्जी असात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी..."

"होय म्हाराजा."

"आणि कोणाचां काय चुकला-माकला असात तर पोटात घाल आणि सगळ्यांची राखण कर..."

"होय म्हाराजा."

आजाचा आवाज सगळ्यात मोठा होता. ढोल वाजवणाऱ्या माणसाचा असतो तसा. बाहेर उभा राहून तो आतल्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू जात होता.

मग सगळे पाकळी पडायची वाट बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी पाठींकडे बघत होते. एक पाठ हलली, मग तिच्या बाजूची. कोणी आमच्याकडे वळून बघितलं नाही, त्यावरून मला कळलं. आजाला कळलं नव्हतं. तो हात जोडून उभाच होता, डोळे मिटून. गुरव मंडपाच्या कडेला आला आणि म्हणाला, "डावो."

"होय म्हाराजा," आजा म्हणाला. सवयीने. मग त्याने डोळे उघडले.

मास्तर पुढे आले. "पुन्हा एकदा विचारता येणार नाही का?"

"मास्तरानू, हो कौल आसा," मानकरी म्हणाला. "परीक्षा न्हय, नापास झालो म्हणान परत बसाक."

दोघंतिघं हसले. मानकरी स्वतः हसला नाही. गुरवाने पायरीवर नारळाची अर्धी कवड ठेवली, आमचा प्रसाद. आजाने ती उचलून कपाळाला लावली.   घरी आईने कवड किसून त्याच दिवशी आमटीत घातली, कारण नारळ नारळ असतो.

नात मध्येच म्हणाली, "आजी, गुरवाने मुद्दाम केलं असणार. डावीकडची कमी ओली लावली असणार."

असेल. नसेलही. कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही, मी पाहिलं नाही. ओली पाकळी कधी ना कधी पडतेच. मला एवढंच माहीत आहे की प्रश्न माझा होता आणि उत्तर मला दिसत नव्हतं अशा जागी पडलं.

तो पावसाळा मी घरी काढला. मास्तरांनी मात्र आजाला न सांगता वर लिहिलं होतं. दिवाळीनंतर, मी परत सुरंगीखाली बसायला लागल्यावर, शाळा तपासणारे साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत. खाडी उतरून चालत आले होते, पायजम्याला चिखल. त्यांच्यासाठी खुर्ची आणली ती त्यांनी मंडपात ठेवू दिली नाही. माझ्यापासून चार हातांवर, झाडाखाली ठेवायला लावली. शहाळं प्याले आणि आजाला बोलावून घेतलं. मानकरी आला, मास्तर आले.

"तुमच्या नातीला आत बसू देत नाहीत अशी तक्रार आहे," साहेब म्हणाले. "खरं का?"

"तक्रार नाय, सायबानू," आजा म्हणाला.

"मग ती बाहेर का बसते?"

"देवान सांगल्यान."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी कौलाचं थोडक्यात सांगितलं. साहेबांना राग आला नाही. ते आजाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. "हे बघा बाबा, कौलबिल मी लिहिणार नाही. तुम्ही फक्त म्हणा, होय, आम्हाला आत बसू देत नाहीत. तेवढं एक म्हणा. पुढचं मी बघतो. उद्यापासून मुलगी आत बसेल. कोणी अडवलं तर पोलीस येतील."

मानकरी खाली बघत होता. मला वाटतं, त्या वेळी त्याला भीती वाटली होती. नवीनच गोष्ट होती ती, मानकऱ्याला भीती वाटणं. मास्तर आजाकडे बघत होते. मी आजाकडे बघत होते. आजाने हात जोडले होते ते सोडले, परत जोडले.

"तक्रार नाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"देवान नाय म्हटल्यान, सायबानू. मी होय कसां म्हणू?"

 साहेबांनी टोपी घातली. मास्तरांना म्हणाले, "यांचीच तक्रार नाही तर मी काय करू?" ते खरंच विचारत होते. 

"आणि तू?" नातीने विचारलं. "तुला नाही विचारलं त्यांनी?"

मला कोण विचारणार? मी तिथंच होते. पाटीवर पाढा लिहीत होते.

पुढच्या जूनमध्ये इरलं परत माझ्या पाठीवर आलं, पण लावणीसाठी. आई म्हणाली, भिजाचांच आसा तर शेतात भिज. तिचं बरोबर होतं. दिवाळी झाल्यावर आजा नाव घालायला गेला नाही आणि मीही त्याला जा म्हटलं नाही. मास्तरांची बदली झाली. जाताना ते आमच्या वाडीवरूनच खाडीकडे गेले. मी बांधावर गवत कापत होते. त्यांनी हात वर केला. मी पण केला, विळा हातात होता तो.

मग आमच्या लोकांनी धर्म बदलला. घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले. गावकीची कामं बंद झाली, ढोलही बंद झाला. आजाने तो माळ्यावर टाकला. उंदरांनी त्याचं कातडं कुरतडलं. पालखीच्या वेळी मानकऱ्याचा माणूस दोनदा बोलवायला आला, वाडीतल्या तरण्या पोरांनी त्याला पाणंदीतूनच परत पाठवला. आजा ओट्यावर बसून ऐकत होता. देव त्याच्याशिवाय हलला. दुसऱ्या कोणीतरी ढोल वाजवला. तो आवाज वाडीपर्यंत आला.

साठ सालाच्या पुढे शाळेला चिऱ्याची इमारत झाली, देवळापासून लांब. आमच्या वाडीतली पोरं तिच्यात सगळ्यांबरोबर बसायला लागली. बसली ती बसली, कोणी कौल लावला नाही. एवढं सोपं होतं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. सकाळी पोरं पाटी-दप्तर घेऊन ओट्यासमोरून जायची आणि आजा त्यांच्याकडे बघत बसायचा. एकदा ती गेल्यावर मी त्याला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आबा, कौल लावया म्हणान तुमीच कित्याक सांगितलात?"

त्याला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलते. म्हणजे त्याच्याही डोक्यात तेच होतं.

"माका वाटलां, देव माझो आसा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आणि सायबान विचारल्यान तेव्हा? एक होय म्हणाचां होतां."

"होय म्हटलां असतां तर देव खोटो पडलो असतो." तो पाणंदीकडे बघत होता. "मगे चाळीस वर्सां मी कोणासमोर बडवलंय?"

देव तर तोपर्यंत खाडीत सोडून झाले होते. हे मी बोलले नाही.  पोर रडायला लागलं म्हणून मी आत गेले. पुढच्याच वर्षी आजा गेला.

नातीच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला राग येत नाही का. मी विचारलं, कोणावर? ती विचार करायला लागली. मानकरी मेला. गुरव मेला. साहेबांनी विचारलं होतं. मास्तरांनी लिहिलं होतं. देवाला आम्ही मानत नाही. राहिला आजा. त्याच्यावर रागवायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा त्याचं ते धुतलेलं धोतर आठवलं. कामाला लागले.

तिला ती जागा बघायची होती. गेल्या आठवड्यात रिक्षा करून गेलो. पाऊस होताच. सुरंगी नाही, तिथं पार्किंग आहे. देवळाला नवीन पत्रे, फरशी, मंडपात पंखे. नात चप्पल काढून आत गेली, मी रिक्षात बसून राहिले. रिक्षावाला गावचाच, आमचं सगळं माहीत असलेला. म्हणाला, "जावा गो आजी भुतूर. आता कोण कायएक म्हणना नाय."

"म्हायती आसा," मी म्हटलं.

नात आतून हात करून बोलावत होती. ती काय बोलत होती ते पावसात ऐकू येत नव्हतं. मी मान हलवली, होय की नाय ते तिला कळलं नसावं. थोड्या वेळाने ती ओढणी डोक्यावर घेऊन धावत परत आली, फोनमधले फोटो दाखवायला लागली. मला फोटो नीट दिसत नाहीत.

"दाराकडच्या खांबाचो कोपरो बघलंस?" मी विचारलं.

"हो."

"कोरडो आसा?"

"एकदम कोरडा, आजी."

"आसतलोच," मी म्हटलं आणि रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं.